पंचविसाचा कट्टा

एप्रिलचा दुसरा आठवडा, नळ येऊन चार दिवस झालेले.
विडी घरकुलात कुत्रीसुद्धा
टाकीच्या सावलीत नंबर लावून पडलेली.
अम्मा मांडीवर सूप घेऊन, मी पंख्याखाली,
आणि ती विचारते, पुन्हा,
जणू काल मी सांगितलंच नव्हतं:
"तिकडं पैला म्हैना काय केलीस?"

काय केलं.
झोंबा नावाच्या गावी गेले,
नावावरूनच भाऊ आठवडाभर हसत होता.
पहिला महिना मी खुर्चीवर बसले.
व्यायामाची यंत्रं बंदरात अडकलेली,
कागदावर शिक्का नव्हता.
दुसऱ्या महिन्यात शिक्का आला, यंत्रं आली नाहीत.
फरशी पुसायला घेतली तर लायनेस रागावली.
ते तिचं काम होतं, पगाराचं.

बाजारात टोमॅटोच्या ढिगामागून बाया विचारायच्या,
तुझं दुकान कुठंय?
आपल्या चेहऱ्याला तिथं दुकान असतंच.
दुकान नाही म्हटलं तर, मग विकतेस काय?
काही नाही.
त्या एकमेकींकडे बघायच्या.
विकत नाही म्हणजे नक्कीच फार महाग असणार.

अम्मा हसली नाही.
मी निघाले तेव्हा तिनंही पगार विचारला होता,
आणि "नाही" ऐकल्यावर
दोरा बोटाला गुंडाळलेला तसाच,
विडी अर्धी.
चाळीस वर्षं हजारावर मजुरी मोजून घेतलेल्या बाईला
"सेवा" हा शब्द मी मराठीत सांगितला,
कारण तेलुगूत सांगायची लाज वाटली.

शेंगाचटणी सहा आठवड्यांत संपली.
कडक भाकरीचा चुरा
मच्छरदाणीत बसून, पिशवी उलटी करून खाल्ला.
तेव्हा रडले का, आठवत नाही.
वहीत त्या तारखेला एवढंच आहे:
वीज नाही. बूट ओले. कुणी आलं नाही.

एस्नात आली तिसऱ्या महिन्यात,
उसाच्या ट्रॉलीवरून पडलेली, गुडघा लाकूड झालेला.
मी पाय वाकवला, ती ओरडली,
आणि मी घाबरून मोजायला लागले.
तिच्या भाषेतले आकडे मला पाचापुढे जमत नव्हते,
इंग्रजी ऐनवेळी पळालं,
तोंडातून आपोआप निघालं,
ओकटी, रेंडू, मूडू,
याच सुपासमोर बसून शिकलेले.
इरवै ऐदू म्हटलं आणि थांबले.
पुस्तकात दहा वेळाच लिहिलंय.
पण आमच्या घरी मोजणी पंचविसाला थांबते,
तिथं दोरा बांधायचा,
कट्टा बाजूला ठेवायचा.

आठवड्यात अख्खा वॉर्ड तेलुगू मोजायला लागला.
त्यांना वाटलं, हीच डॉक्टरकीची भाषा.
मी दुरुस्त केलं नाही.
तिचा गुडघा माझ्यामुळं किती वाकला
आणि दिवसांमुळं किती,
मला सांगता येणार नाही.
अहवालात मी "माझ्यामुळे" लिहिलं.

सकाळी लायनेसनं मोबाइलवर आवाज पाठवलाय.
एस्नात पायऱ्या चढतेय, मोजत, मागं कोंबडा.
मी तो अम्माच्या कानाशी धरते.
ती मान तिरकी करून ऐकते, बोटं चालूच.
पान, तंबाखू, वळ, दोरा.
इरवै ऐदू. तिकडं धापा,
कुणीतरी एकट्यानंच टाळ्या वाजवतंय.

"सतरा गाळली की गं ती," अम्मा म्हणते.
"चोवीसच भरले. असला कट्टा चेकर घेत न्हाई,
सांग तिला."

मग सुपातली एक विडी उचलून
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते,
सुटी,
आणि पुढचा कट्टा मोजायला घेते.